रागाची मुदत, कायद्याची मुदत

बालाकोटवर गेलेली मिराज विमानं आमच्या गावातून उडाली होती. २६ फेब्रुवारी २०१९ ची पहाट, ग्वाल्हेरचा महाराजपुऱ्याचा हवाई तळ. विमानांच्या आवाजाची ग्वाल्हेरकरांना एवढी सवय आहे की त्या रात्री कुणाची झोपही मोडली नसावी. सकाळी टीव्हीवर कळलं आणि दुपारपर्यंत ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या गल्ल्यांत पेढे फिरले. मीही खाल्ला. पुलवामात १४ फेब्रुवारीला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे चाळीस जवान गेले होते. बारा दिवस देश धुमसत होता, आणि ते सगळे दिवस त्या पेढ्यात उतरले होते.

दुसऱ्याच दिवशी श्रीनगरजवळ बडगाममध्ये हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. आतले सहा जण गेले, खाली एक नागरिक गेला. हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं, ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं ते ऑक्टोबरमध्ये. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती. ज्या गावात कितीतरी घरांत हवाई दलाचा पगार येतो, त्या गावात तरी हे आधी विचारलं जायला हवं होतं. पण त्या दिवसांत असं काही विचारणाऱ्याला कुणी ओट्यावर बसू दिलं नसतं.

हल्ल्यानंतरचा राग रास्त असतो. पण तो टिकतो फार तर महिना-दोन महिने. त्या दिवसांत आपण जे मागतो आणि सरकार जे घाईनं देतं, ते मात्र वीस-वीस वर्षं मानगुटीवर बसतं. आणि ‘हे घडलंच कसं’ हा प्रश्न त्या दिवसांत मागे पडला की नंतर कुणाला सवड नसते. म्हणून माझं म्हणणं असं, की रागाच्या भरात केलेल्या प्रत्येक कायद्याला त्या कायद्यातच मुदत घातलेली असावी, आणि हल्ल्याची चौकशी सरकारच्या मर्जीवर न सोपवता आपोआप सुरू व्हावी.

या रागाची ताकद किती असते ते बघा. ११ सप्टेंबर २००१ च्या आधी गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत ५१ टक्के अमेरिकनांना जॉर्ज बुश यांचा कारभार पसंत होता. हल्ल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत हा आकडा ९० वर गेला. मधल्या दिवसांत बुश यांनी अजून काही केलंही नव्हतं. लोक ध्वजाभोवती गोळा झाले आणि ध्वजाजवळ बुश उभे होते. १४ सप्टेंबरला तिथल्या प्रतिनिधिगृहानं अध्यक्षांना बळ वापरायचा अधिकार दिला तो ४२० विरुद्ध १ अशा मतांनी. विरोधातलं एकमेव मत बार्बरा ली यांचं. हा अधिकार अजून रद्द झालेला नाही, आणि तो अशा देशांत वापरला गेला की ज्यांचं नाव त्या दिवशी सभागृहात कुणाच्या मनातही नसेल.

पण लोक दर वेळी सत्तेच्याच मागे उभे राहतात असं नाही. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकलगाड्यांत बॉम्ब फुटून एकशे नव्वदहून जास्त माणसं मेली. निवडणूक तीन दिवसांवर होती. सरकार ठामपणे सांगत राहिलं की हे बास्क फुटीरतावाद्यांचं काम, आणि पुरावे इस्लामी अतिरेक्यांकडे बोट दाखवत होते. लोक रस्त्यावर उतरले, खरं सांगा म्हणाले, आणि सत्ताधारी पक्ष हरला. स्पेनचे लोक आपल्यापेक्षा कमी चिडलेले होते असं मला वाटत नाही. त्यांनी प्रश्न वेळेत विचारला.

भीतीच्या हिशेबाबद्दल एक आकडा नेहमी सांगितला जातो. न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर बऱ्याच अमेरिकनांनी विमान टाळून मोटारी काढल्या, आणि त्या एका वर्षात रस्त्यांवर सुमारे दीड हजार माणसं जास्तीची मेली, असा गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यासाठी कोणी मेणबत्त्या लावत नाही, असाही टोला मारला जातो. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. अपघातामागे पुढचा अपघात घडवायला टपलेलं कोणी नसतं. नाव विचारून, धर्म विचारून गोळी घालणारा माणूस आणि पेंगलेला ट्रकचालक यांना एका तराजूत घालणं हे हिशेबापुरतं ठीक. माणसाचं मन हेतू बघतं आणि त्यानं बघावाही. माझी तक्रार भीतीबद्दल नाही. भीतीनं घाईत जे औषध निवडलं, ते कधी बंद करायचं हे कुणी लिहून ठेवत नाही, ही तक्रार आहे.

आणि गंमत म्हणजे आपल्याकडे हे लिहून ठेवायची पद्धत होती. १९८५ चा टाडा हा दहशतवादविरोधी कायदा दोन वर्षांसाठी आला होता. पुढे चालवायचा तर सरकारला दर वेळी संसदेत येऊन मागावं लागे. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर सहा आठवड्यांत पोटा या तशाच कायद्याचा अध्यादेश निघाला, डिसेंबरात संसदेवरच हल्ला झाला, आणि मार्च २००२ मध्ये संयुक्त अधिवेशन बोलावून पोटा मंजूर झाला. त्यालाही तीन वर्षांची मुदत होती. २००४ च्या सप्टेंबरात नव्या सरकारनं पोटा रद्द केला आणि पाठ थोपटून घेतली. त्याच दिवशी १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएत, पोटातली बरीच कलमं भरली गेली. मुदतीचं कलम मात्र गाळून. कुठल्याही एका पक्षाला यात दोष देता येत नाही. पोटा एकानं आणला, कायमचा दुसऱ्यानं केला, आणि २०१९ मध्ये संघटनेबरोबर एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी ठरवायची सोय पहिल्यानं पुन्हा केली.

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत १६६ माणसं मेली. डिसेंबर संपायच्या आत राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा आणि यूएपीएची दुरुस्ती दोन्ही मंजूर झाली. तपास यंत्रणा हवीच होती. राज्याराज्यांच्या पोलिसांनी एकमेकांना पत्रं लिहीत बसायचं, हे फार दिवस चाललं नसतं. पण त्याच घाईत आरोपपत्राविना कोठडीची मर्यादा १८० दिवसांवर गेली आणि जामीन जवळपास अशक्य झाला. दोन दिवसांत दोन्ही सभागृहं आटोपली.

याच्या शेजारी लंडन ठेवून पाहा. ७ जुलै २००५ ला तिथे ५२ माणसं मेली. दोन आठवड्यांनी पोलिसांनी भुयारी रेल्वेत एका ब्राझिलियन इलेक्ट्रिशियनला बॉम्बवाला समजून ठार केलं. त्याचा कशाशीही संबंध नव्हता. टोनी ब्लेअर यांनी आरोप न ठेवता ९० दिवस डांबायचा अधिकार मागितला. नोव्हेंबरात त्यांच्याच बहुमताच्या सभागृहानं तो ३२२ विरुद्ध २९१ मतांनी फेटाळला आणि २८ दिवसांवर तडजोड झाली. दोन्ही देशांची न्यायव्यवस्था वेगळी, त्यामुळे दिवसांची तुलना तंतोतंत नाही. पण हल्ल्यानंतर चार महिन्यांनी, लोक अजून भुयारी रेल्वेत बिचकत चढत असताना, सत्ताधारी पक्षाच्या खासदारांनी आपल्या पंतप्रधानाला ‘एवढं नाही’ म्हटलं. आपल्याकडे असं झाल्याचं मला आठवत नाही.

आपल्या यूएपीएचं पुढे काय झालं? सरकारनंच २०२१ मध्ये राज्यसभेत सांगितलं, की २०१६ ते २०१९ या काळात यूएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जणांना शिक्षा झाली. अटक झालेले आणि शिक्षा झालेले तेच असतात असं नाही, खटले वर्षानुवर्षं चालतात, हे मान्य. पण खटला चालत नाही आणि जामीनही मिळत नाही, तेव्हा निर्दोष सुटणाऱ्यानंही शिक्षा भोगलेलीच असते. गुजरातेत अक्षरधामच्या, पोटाखाली चाललेल्या खटल्यात सहा जणांना सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सोडलं. हल्ला २००२ चा होता. ज्यांची माणसं त्या देवळात मेली, त्यांनाही यातून काय मिळालं? चुकीचा माणूस आत असतो तेव्हा खरा बाहेर असतो.

आता एक अडचणीची गोष्ट. हल्ल्यानंतरचा राग हल्लेखोर हाती लागेपर्यंत थांबत नाही. त्याला लगेच हाताशी सापडेल असं कोणीतरी हवं असतं. ते कोणीतरी म्हणजे बहुतेकदा आडनावावरून ओळखता येणारा शेजारी. मराठी माणसाला, त्यातही आमच्यासारख्या ग्वाल्हेरच्या मराठी ब्राह्मण घरांना, हे दुसऱ्याकडून शिकायची गरज नाही. गांधीजींवर झाडलेलं पिस्तूल ग्वाल्हेरात मिळवलेलं होतं. त्या खटल्यात इथल्या एका मराठी डॉक्टरांना खालच्या कोर्टात जन्मठेप झाली आणि अपिलात ते सुटले. आणि तिकडे सातारा-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात मारेकऱ्याची जात बघून वाडे पेटले. ज्यांनी नथुरामचं नावही कधी ऐकलं नव्हतं अशा घरांतली धान्याची कोठारं, पोथ्या, दप्तरं जळाली, आणि कित्येक कुटुंबं गाव सोडून शहरात आली ती परत गेली नाहीत. ‘अठ्ठेचाळीसचं जळीत’ म्हटलं की अजूनही आजी-आजोबांच्या पिढीचा आवाज खाली येतो. एकानं केलं आणि सगळ्यांनी भोगलं, ही तक्रार आपण पंचाहत्तर वर्षं सांगतो आहोत, आणि ती खरी आहे.

मग पहलगामनंतर? २२ एप्रिल २०२५ ला २६ माणसं मारली गेली, त्यात महाराष्ट्रातली होती, मध्य प्रदेशातलीही होती. पुढच्या आठवड्यात देशात ठिकठिकाणी काश्मिरी विद्यार्थ्यांना खोल्या सोडायला लागल्या, धमक्या आल्या. तिथेच नवरा गमावलेली एक तरुणी म्हणाली, की मुसलमानांच्या किंवा काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी, न्याय हवा. तिच्यावर समाजमाध्यमांवर जी घाण ओतली गेली, ती वाचून मला आपल्या लोकांची लाज वाटली. जिचं सगळं गेलं तिनं किती रागवावं, हेही दुसऱ्यांनीच ठरवायचं! आमच्या इथेही विद्यार्थ्यांना खोल्या भाड्यानं देणारी घरं पुष्कळ आहेत. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. तो नियम चांगला आहे, माझी त्याला हरकत नाही. पण त्या दिवसांत फॉर्म भरायच्या आधी नाव ऐकूनच ‘जागा नाही’ म्हणणारे काका-काकू सज्जन माणसं आहेत, देवळात जाणारी, कुणाच्या वाईटावर नसलेली. जळीताची गोष्ट त्यांच्याही घरात सांगितली जाते. जोडून बघत नाहीत, एवढंच.

राग आपोआप चढतो तसा तो चढवताही येतो. कसाबला तुरुंगात मटण बिर्याणी हवी होती, ही गोष्ट महाराष्ट्रात लहान पोरालाही पाठ आहे. सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतःच सांगून टाकलं की कसाबनं बिर्याणी कधी मागितली नव्हती. त्याच्याबद्दल भावनेची लाट तयार होते आहे असं वाटलं म्हणून ती त्यांनी रचली होती. खटला भक्कम होता, पुरावे होते, कॅमेऱ्यात टिपलेला चेहरा होता. त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील मिळालं आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. एवढं सरळ चाललेल्या खटल्याला बिर्याणीची फोडणी का लागावी? त्या खटल्याबद्दल मला खरोखर अभिमान आहे. पण बिर्याणी जितक्या जणांना आठवते, तितक्यांना निकालपत्रातलं एक वाक्य आठवत नाही. ‘खटले कशाला, गोळ्या घाला’ म्हणणाऱ्यांना ती गोष्ट अजून पुरते.

जगाची सुरक्षेची मागणीही अशीच रागात ठरते. मात्र तिथे राग कोणाचा, याला फार किंमत असते. १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी स्फोटांत २५७ माणसं मेली. भारतानं १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे दहशतवादाविरुद्धच्या सर्वंकष कराराचा मसुदा ठेवला. तो अजून चर्चेतच आहे, कारण दहशतवादी कोणाला म्हणायचं यावरच एकमत नाही. न्यूयॉर्कचे मनोरे पडले आणि सतरा दिवसांत, २८ सप्टेंबर २००१ ला, सुरक्षा परिषदेचा १३७३ क्रमांकाचा ठराव आला. सगळ्या देशांवर बंधनकारक: पैसा रोखा, आसरा देऊ नका, कायदे करा, अहवाल पाठवा. व्याख्या मात्र त्यातही नव्हती. म्हणजे ज्यानं त्यानं आपल्याला नको असलेला माणूस त्या रिकाम्या चौकटीत बसवावा. पुष्कळ सरकारांनी बसवला.

ती बंधनं पाझरत आमच्यापर्यंत आली. अमेरिकेत लेकीकडे निघालेल्या आजीच्या हातातल्या पिशवीतली लोणच्याची बरणी सुरक्षा तपासणीत निघते, त्याचं मूळ ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला उघडकीस आलेल्या द्रव स्फोटकांच्या कटात आहे. बूट काढायचा नियम २००१ च्या डिसेंबरात बुटात स्फोटक लपवून विमानात बसलेल्या एका माणसामुळे आला; अमेरिकेनं तो उठवला जुलै २०२५ मध्ये. गावातल्या एखाद्या छोट्या मराठी वाचनालयाला अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या जुन्या सभासदानं पुस्तकांसाठी पैसे द्यायचे म्हटले, तर विदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी हवी, दिल्लीच्या ठरावीक शाखेत खातं हवं. या कडकपणाला दहशतवाद हे एकच कारण नाही. पण एकदा तो शब्द उच्चारला की पुढे वाद घालायला कुणी धजत नाही, हा त्याचा उपयोग सगळ्या सरकारांना कळला आहे.

असं असूनही या कंटाळवाण्या कागदी बंधनांचा मी समर्थक आहे, निदान त्यांच्यातल्या काहींचा. एफएटीएफ ही संस्था १९८९ मध्ये काळ्या पैशासाठी निघाली, २००१ मध्ये तिच्याकडे दहशतवादाचा पैसा आला. जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ पाकिस्तान तिच्या करड्या यादीत, म्हणजे असा पैसा नीट न रोखणाऱ्या देशांच्या यादीत होता. वर्षानुवर्षं मोकळा हिंडणारा हाफिज सईद पाकिस्तानातल्याच न्यायालयात दोषी ठरला तो याच काळात, फेब्रुवारी २०२० मध्ये, आणि तेही दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल. कर्ज अडेल या धास्तीनं जे झालं ते आपल्या इशाऱ्यांनी झालं नव्हतं. यादीतून नाव निघालं आणि दाब सैल झाला. जैश-ए-महंमदचा म्होरक्या मसूद अझर याला आपण १९९९ च्या अखेरीस कंदाहारला सोडलं. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याचं नाव यायला १ मे २०१९ उजाडला, कारण चीन हात आडवा घालत होता. पहलगामनंतर सुरक्षा परिषदेनं निषेध केला, पण हल्ल्याची जबाबदारी घेतलेल्या टीआरएफ या संघटनेचं नाव त्या निवेदनात नव्हतं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत तालिबानवरच्या निर्बंध समितीचं अध्यक्षपद पाकिस्तानकडे आलं. चीड येते. येऊ दे. पण आपल्याला जगाकडून व्याख्या हवी असेल, तर तीच व्याख्या उद्या यूएपीएलाही लागू होणार, आणि तिथे आपली तयारी दिसत नाही.

चौकशीचं तर बोलायलाच नको. अमेरिकेनं, उशिरा का होईना, दोन्ही पक्षांचा आयोग नेमला आणि जुलै २००४ मध्ये त्याचा अहवाल दुकानात विकत मिळाला. नॉर्वेत २२ जुलै २०११ ला ७७ माणसं, बहुतेक पोरं, मारली गेली. पंतप्रधान म्हणाले, आमचं उत्तर जास्त लोकशाही आणि जास्त मोकळेपणा हे असेल, आणि वर्षभरानंतर स्वतंत्र आयोगानं त्याच सरकारच्या पोलिसांची लक्तरं जाहीरपणे टांगली. आपण कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल संसदेत ठेवला होता, म्हणजे आपल्याला जमतच नाही असं नाही. २६/११ नंतर मात्र देशपातळीवर आयोगच नाही. महाराष्ट्रानं राम प्रधान समिती नेमली, तिचा अहवाल दडवून ठेवला गेला आणि फुटला तेव्हा लोकांनी वाचला. पहलगाममध्ये सुरक्षेत चूक झाली आणि जबाबदारी माझी, असं जम्मू-काश्मीरचे नायब राज्यपाल जुलै २०२५ मध्ये म्हणाले. प्रामाणिकपणाचं कौतुक. पण चूक कोणती, कुठल्या टप्प्यावर, पर्यटकांनी भरलेल्या कुरणात एकही जवान का नव्हता, हे एका मुलाखतीत भागणारं नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मुदत घालून काय होतं, सरकार ती वाढवत राहतं. खरं आहे. टाडाला १९८७ मध्ये नवं रूप देऊन पुन्हा पुन्हा मुदतवाढ दिली गेली, आणि जिथे दहशतवाद नव्हता त्या गुजरातेतही हजारो माणसं त्याखाली आत गेली. तरीही दर दोन वर्षांनी कुणाला तरी संसदेत उभं राहून तो कायदा का हवा हे सांगावं लागत होतं, आणि दर वेळी आकडे मागितले जात होते. १९९५ च्या सुरुवातीला राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष, निवृत्त सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र यांनी एकूण एक खासदारांना पत्र लिहिलं की याला आता मुदतवाढ देऊ नका. पत्र लिहायला निमित्त होतं, कारण मुदत जवळ आली होती. मे महिन्यात टाडा संपला. यूएपीएबद्दल असं पत्र कुणी लिहायचं ठरवलं, तर त्यावर तारीख कुठली घालायची?